दहा वर्षे उशिरा आलेली संघटना

मेलबर्नमध्ये राहू लागल्यापासून मला ठरावीक अंतराने एक निरोप येतो. निरोप पाठवणारा मुलगा किंवा मुलगी पुण्याची, नाशिकची, कधी नागपूरची असते, नुकतीच इथे शिकायला किंवा नोकरीला आलेली असते आणि तिचा प्रश्न एकच असतो : "ताई, नाटीची तयारी कशी करायची?" 'नाटी' म्हणजे इथली भाषांतरकार आणि दुभाषी यांची परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था. या मुलांना जी परीक्षा द्यायची असते ती मात्र त्या संस्थेच्या कामाची एक छोटी फांदी आहे. तिला सगळे 'सीसीएल' म्हणतात. इंग्रजी आणि मराठी बोलणाऱ्या दोन माणसांचे साधारण तीनशे शब्दांचे दोन संवाद ऐकवले जातात, प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त पस्तीस शब्दांचा असतो, आणि तो ऐकून लगेच दुसऱ्या भाषेत सांगायचा असतो. एकूण ९० गुणांपैकी ६३ मिळाले आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९ मिळाले की कायमच्या वास्तव्याच्या अर्जात पाच गुणांची भर पडते. मराठी या परीक्षेच्या भाषांमध्ये आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मी त्यांना तयारीचे सांगते, आणि त्यासोबत दरवेळी हेही सांगते की ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याने कोणी दुभाषी होत नाही; तसे काम करण्याचा परवाना तिच्यातून मिळत नाही. त्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण नाटी ही व्हिसाच्या कामासाठीच जन्माला आलेली संस्था आहे असा त्यांचा समज असतो. ती कशासाठी जन्माला आली, आणि तिच्यामागून दहा वर्षांनी भाषांतरकारांना स्वतःची वेगळी संघटना का उभी करावी लागली, हे एकदा नीट लिहून काढावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

मागे जायचे तर १९०१ पर्यंत जावे लागते. ऑस्ट्रेलिया हे संघराज्य ज्या वर्षी झाले त्याच वर्षी तिथे स्थलांतरावर बंधने घालणारा कायदा झाला आणि त्यात श्रुतलेखनाची परीक्षा होती. बंदरावर उतरलेल्या माणसाला अधिकारी पन्नास शब्दांचा एक उतारा वाचून दाखवी आणि तो त्याने जसाच्या तसा लिहून द्यायचा असे. उतारा कोणत्या युरोपीय भाषेत असावा हे अधिकारी ठरवत असल्यामुळे जो माणूस नको असेल त्याला येत नसलेली भाषा निवडणे एवढेच काम उरे. हिंदुस्थानातून, चीनमधून आलेली माणसे अशा रीतीने परत पाठवली गेली. १९०९ नंतर ही परीक्षा कोणीही उत्तीर्ण झाला नाही. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा प्राग शहरातला पत्रकार फॅसिझमविरुद्ध भाषणे करायला आला. त्याला युरोपातल्या अनेक भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटिश गेलिकमधला उतारा घालण्यात आला. प्रकरण तिथल्या हाय कोर्टात, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि कायद्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषा नाही असा निर्णय देऊन कोर्टाने किशची सुटका केली. ही परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली. ज्या देशात भाषा अर्धशतकाहून अधिक काळ माणसे बाहेर ठेवण्यासाठी वापरली गेली, त्याच देशाने पुढे वीस वर्षांच्या आत दुभाष्यांची सरकारी परीक्षापद्धत उभी केली. हा बदल कोणाच्या औदार्यामुळे झाला असे मला वाटत नाही. त्यामागे गरजेचा रेटा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे हवी होती. १९४५ मध्ये स्थलांतर खाते स्थापन झाले, आणि १९४७ पासून युरोपातल्या निर्वासितांच्या छावण्यांमधून जहाजे येऊ लागली. सुरुवातीच्या काही वर्षांतच सुमारे एक लाख सत्तर हजार निर्वासित आले. व्हिक्टोरिया राज्यातल्या बोनेगिला इथल्या जुन्या लष्करी तळावर स्थलांतरितांचे स्वागतकेंद्र होते. १९७१ मध्ये ते बंद होईपर्यंत तिथून तीन लाखांहून अधिक माणसे पुढे गेली. सरकारचे धोरण असे होते की या लोकांनी लवकरात लवकर इंग्रजी शिकावे आणि इथल्या समाजात मिसळून जावे, त्यामुळे त्यांच्या भाषांसाठी कायमची व्यवस्था करण्याचा विचार पुढे येत नव्हता. पण आजारपण आणि पोलिसचौकी माणसाने इंग्रजी शिकेपर्यंत थांबत नाहीत. रुग्णालयात सफाईचे काम करणारी ग्रीक बाई, कारखान्यातला जरा बरे इंग्रजी बोलणारा इटालियन सोबती, आणि सर्वांत जास्त वेळा घरातले शाळकरी मूल, हे त्या काळचे दुभाषी होते. आईच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची माहिती दहा वर्षांच्या मुलाने तिला सांगायची, असे प्रसंग त्या पिढीतल्या अनेकांच्या आठवणींत आहेत.

न्यायालयांची स्थिती याहून वेगळी नव्हती. १९६० मध्ये, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात असलेल्या पापुआतल्या गायो या आरोपीच्या खटल्यात हाय कोर्टापुढे प्रश्न होता तो हा, की दुभाष्यामार्फत दिलेला कबुलीजबाब ती भाषा न येणाऱ्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितला तर तो ऐकीव पुरावा ठरतो का. कोर्टाने तो ग्राह्य मानला, आणि त्यासाठी दुभाष्याकडे पाहण्याची जी दृष्टी घेतली ती अशी की तो केवळ एक वाहिनी आहे, एका बाजूने आत गेलेले शब्द दुसऱ्या बाजूने बाहेर येतात. १९६३ मध्ये एका दूध कंपनीविरुद्धच्या अक्विलिना यांच्या खटल्यात त्याच कोर्टाने सांगितले की साक्षीदाराला स्वतःच्या भाषेत दुभाष्यामार्फत साक्ष देण्याचा हक्क नाही. परवानगी द्यायची की नाही हे न्यायाधीशांनी ठरवायचे. हे दोन निर्णय शेजारी ठेवून मी अनेकदा वाचले आहेत. एकात दुभाषी अस्तित्वातच नसल्यासारखा आहे आणि दुसऱ्यात तो मिळाला तर मिळाला. त्याने कोणते प्रशिक्षण घेतले आहे आणि त्याच्या चुकीला कोण जबाबदार आहे, हे प्रश्न तेव्हा दोन्हीकडे दूरच होते.

१९७३ मध्ये परिस्थिती हलली. सिडनी आणि मेलबर्न इथे तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून दुभाषी पुरवणारी सरकारी सेवा सुरू झाली. आज टीआयएस या नावाने ओळखली जाणारी, दिवसरात्र चालणारी आणि दीडशेहून अधिक भाषांमध्ये काम करणारी सेवा ती हीच. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाने अनुंगा खटल्यात आदिवासी संशयितांच्या चौकशीसाठी नियम घालून दिले, आणि त्यात पहिल्यांदाच हे आले की ज्याला इंग्रजी चांगले येत नाही त्याची चौकशी करताना दुभाषी हजर असावा. मग १९७७ मध्ये नॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन अथॉरिटी फॉर ट्रान्सलेटर्स अँड इंटरप्रिटर्स, म्हणजे नाटी, स्थापन झाली. पुढच्याच वर्षी फ्रँक गॅलबली यांच्या समितीने स्थलांतरितांच्या सेवांविषयीचा आपला अहवाल सादर केला आणि तो इंग्रजीबरोबर इतर भाषांमध्येही प्रसिद्ध झाला.

नाटीने पाच पातळ्या ठरवल्या. पहिली पातळी कार्यालयात थोडीफार भाषिक मदत करणाऱ्यांची, दुसरी साध्या संभाषणापुरत्या कामाची, तिसरी खऱ्या अर्थाने व्यावसायिक आणि त्यापुढच्या दोन आंतरराष्ट्रीय परिषदा व विशेष तज्ज्ञतेच्या. परीक्षेत उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के गुण लागत. जगात इतरत्र या व्यवसायाचे मापदंड परिषदांच्या काचेच्या खोल्यांतून ठरत होते. तिथे दुभाषी म्हणजे राजनैतिक बैठकीत कानाला यंत्र लावून बसलेला माणूस. ऑस्ट्रेलियाने मापदंड लावला तो दवाखान्याच्या बाकावर, न्यायालयात आणि शाळेच्या पालकसभेत चालणाऱ्या दुभाषेपणाला. मला या देशाच्या भाषाधोरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

इथे थोडे बाजूला होऊन इतर देशांकडे पाहायला हवे, कारण ऑस्ट्रेलियातला क्रम उलटा होता. फ्रान्समध्ये भाषांतरकारांची राष्ट्रीय संघटना १९४७ मध्ये उभी राहिली. पिएर-फ्रांस्वा काये यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, ज्याला सगळे 'फिट' म्हणतात. १९५५ मध्ये जर्मनीची संघटना झाली आणि १९५९ मध्ये अमेरिकेची. अमेरिकेतल्या संघटनेने आपली स्वतःची परीक्षा १९७३ मध्ये सुरू केली, म्हणजे आधी माणसे एकत्र आली, मग त्यांनी आपसांत ठरवले की आपल्यापैकी कोणाला लायक म्हणायचे. ऑस्ट्रेलियात सरकारने आधी परीक्षा बसवली. शिक्का मिळालेली शेकडो माणसे तयार झाली आणि त्यांना एकत्र बांधणारे राष्ट्रीय पातळीवर काहीच नव्हते. राज्याराज्यांत छोट्या संघटना होत्या, त्यांतल्या काही एखाद्या भाषेच्या किंवा एखाद्या कामाच्या लोकांपुरत्या, आणि त्यांचे आपसांत फारसे जमत नसे.

परीक्षा घेणारी संस्था परीक्षा दिलेल्यांची बाजू मांडू शकत नाही, ही त्यातली खरी अडचण होती. नाटीची मालकी केंद्र, राज्ये आणि प्रदेश यांच्या सरकारांकडे एकत्रितपणे आहे. दुभाष्यांच्या सेवेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईकही हीच सरकारे. दर कमी आहेत, दिवसभरात अर्ध्या अर्ध्या तासाची तीन कामे तीन टोकांना दिली जातात, न्यायालयात कागदपत्रे आधी पाहायला मिळत नाहीत, या तक्रारी ज्याने परीक्षा घेतली त्याच्याकडे घेऊन जाण्यात अर्थ नव्हता, कारण तो दुसऱ्या बाजूचाच भागीदार होता. नाटीच्या मूळ उद्देशांमध्ये एक राष्ट्रीय व्यावसायिक संघटना उभी राहावी म्हणून साहाय्य करणे हाही होता, हे इथे आवर्जून नोंदवले पाहिजे. आपण काय करू शकणार नाही हे त्या संस्थेच्या संस्थापकांना ठाऊक होते.

ती संघटना १९८७ मध्ये झाली : ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटरप्रिटर्स अँड ट्रान्सलेटर्स, बोलण्यात 'ऑसिट'. वेगवेगळ्या राज्यांतले गट तिच्यात आले आणि राज्यवार शाखा झाल्या. त्याच वर्षी जोसेफ लो बियांको यांनी तयार केलेले राष्ट्रीय भाषाधोरण सरकारने स्वीकारले, त्यामुळे भाषांविषयी बोलायला ते वर्ष अनुकूल होते. तरीही परीक्षा आणि संघटना यांच्यामध्ये दहा वर्षे गेली, आणि त्या दहा वर्षांचा परिणाम पुढे राहिला. नाटीचा दाखला असल्याशिवाय सरकारी काम मिळणे अवघड, पण ऑसिटचे सभासद असणे ऐच्छिक. वर्गणी भरून संघटनेत कशासाठी यायचे, हा प्रश्न प्रत्येक नवा दुभाषी विचारतो, आणि मीही तो विचारला होता.

माझ्यापुरते उत्तर मला आचारसंहितेत मिळाले. ऑसिटने सुरुवातीच्या काळातच ती तयार केली. व्यावसायिक वर्तन, गोपनीयता, क्षमता, निःपक्षपातीपणा, अचूकता, कामाच्या अटी, सतत शिकत राहणे आणि सहव्यावसायिकांशी एकजूट अशी तिची मूळ तत्त्वे होती. पुढे मोनॅश विद्यापीठाच्या सहकार्याने ती नव्याने लिहिली गेली आणि २०१२ मध्ये सुधारित रूपात आली. त्यात आपल्या भूमिकेच्या सीमा स्पष्ट ठेवण्याचे तत्त्व वेगळे मांडले गेले. महत्त्वाचे असे की नाटीने ही संहिता आपली मानली आणि परीक्षेतले नीतिविषयक प्रश्न तिच्यावर बेतले. ज्यांची परीक्षा घेतली जाते त्यांनीच लिहिलेल्या नियमांवर परीक्षक प्रश्न विचारतो, ही व्यवस्था मला फार समाधानाची वाटते. दहा वर्षांचा उशीर संघटनेने इथे भरून काढला.

संहितेतले एकेक वाक्य मराठीत काम करताना कसे अंगाला लागते, ते थोडे सविस्तर सांगते.

अचूकतेचे तत्त्व वाचायला सोपे आहे : काही गाळायचे नाही, काही घालायचे नाही, काही बदलायचे नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी या व्यवसायात येण्याआधी, ओळखीतल्या एका काकूंसोबत मी इथल्या एका रुग्णालयात गेले होते. त्या आपल्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. छातीत दुखणे कधीपासून आहे असे डॉक्टरांनी विचारल्यावर काकू म्हणाल्या, "वर्षभर अंगावर काढलं हो." सोबत आलेल्या मुलाने ते इंग्रजीत सांगितले त्याचा अर्थ 'आईने वर्षभर दुर्लक्ष केले' असा होत होता. डॉक्टर काकूंकडे जरा नाराजीने पाहू लागले. अंगावर काढणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. दुखणे आहे हे माहीत असते, ते रोज जाणवते, आणि घरातली कामे, पैसे, दुसऱ्याला त्रास नको ही भावना, यांमुळे माणूस उपचाराविना ते सोसत राहतो. काकूंना दुखणे किती तीव्र होते हे डॉक्टरांना त्या एका शब्दप्रयोगातून कळायला हवे होते आणि ते हरवले. मुलाचा काही दोष नव्हता. तो घाबरलेला होता, आणि तो मुलगा होता. मीही तिथे होते आणि मला चूक कळली, पण मध्ये बोलावे की नाही हे मला कळले नाही. प्रशिक्षण मिळालेल्या दुभाष्याला अशा वेळी काय करायचे हे ठाऊक असते : आपण दुभाषी म्हणून बोलत आहोत असे दोन्ही बाजूंना सांगून खुलासा करायचा आणि पुन्हा आपल्या जागी जायचे.

दुसरी गोष्ट प्रथमपुरुषाची. दुभाष्याने 'त्या म्हणतात की' असे बोलायचे नसते. रुग्ण 'मला दुखतंय' म्हणाली तर दुभाष्यानेही 'मला' म्हणायचे. इंग्रजीत हे निभावते. मराठीत मात्र क्रियापद लिंग मागते. डॉक्टर पुरुष आहेत आणि मी बाई आहे. ते म्हणाले की उद्या सकाळी पुन्हा येईन, तर 'मी येईन' म्हणून सुटता येते, पण 'मी आत्ताच तुमचे रिपोर्ट बघून आलो' म्हणायचे की 'आले'? नियमाप्रमाणे बोलणारा डॉक्टर आहे, म्हणून 'आलो'. पहिल्यांदा असे बोलले तेव्हा समोरच्या आजीबाई माझ्याकडे चमकून पाहत राहिल्या. आता मी कामाला सुरुवात करतानाच दोन वाक्यांत सांगून ठेवते की मी 'मी' म्हटले तरी बोलणारे डॉक्टर असतील.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते. डॉक्टर 'आम्ही' आणि 'आपण' या दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात, कारण इंग्रजीत एकच शब्द आहे. 'पुढच्या आठवड्यात ठरवू' असे ते म्हणतात तेव्हा कर्ता 'आपण' असेल तर रुग्ण त्या निर्णयात सहभागी आहे, आणि 'आम्ही' असेल तर डॉक्टरांचा चमू ठरवणार आहे. मी कोणता शब्द निवडते त्यावर रुग्णाला आपल्या शरीराविषयीच्या निर्णयात स्वतःची जागा आहे की नाही हे ठरते. कर्ता गाळून नुसते 'ठरवू' म्हणणे सोयीचे असते, आणि कित्येकदा तेच योग्यही असते. पण संमतीपत्रावर सही घेण्याच्या वेळी मी थांबून विचारते की निर्णय कोणी घ्यायचा आहे. वाहिनी असे प्रश्न विचारत नाही. १९६० मधल्या त्या निर्णयातला दुभाषी आणि आजचा दुभाषी यांच्यातले अंतर मला या एका सर्वनामात दिसते.

संघटनेला सगळेच साधले असे नाही. इथले बहुतेक दुभाषी कोणाचे नोकर नसतात. ते एजन्सीकडून तासाच्या हिशेबाने काम घेतात. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक जण स्वतंत्र व्यावसायिक ठरत असल्यामुळे एकत्र येऊन दर ठरवणे स्पर्धाविषयक कायद्यात अडचणीचे होते. व्यावसायिक संघटना आणि कामगार संघटना यांच्यातली ही भिंत नव्या सभासदांना फार खटकते. काम रद्द झाल्याचे शेवटच्या क्षणी कळणे, जाण्यायेण्याचा वेळ हिशेबात न धरला जाणे, हे मी स्वतः अनुभवले आहे, आणि त्यामुळे चांगले लोक दोनतीन वर्षांत व्यवसाय सोडून जातात हेही पाहिले आहे. पाच गुणांसाठी सीसीएल देणाऱ्यांपैकी एखाद्याला हे काम आवडू लागते, मग तो मिळकतीचा विचार करतो आणि आपल्या संगणकाच्या नोकरीकडे परत जातो. त्याला मी काय सांगणार?

आणखी एक उणीव देशाच्या स्वतःच्या भाषांची. कर्णबधिरांच्या ऑस्लन या खुणांच्या भाषेच्या दुभाष्यांनी १९९१ मध्ये आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली आणि ती जोमाने वाढली. आदिवासी भाषांचे मात्र तसे झाले नाही. परदेशातून आलेल्यांच्या भाषांसाठी १९७३ मध्ये सेवा सुरू झाली, आणि नॉर्दर्न टेरिटरीत आदिवासी भाषांची सरकारी दुभाषासेवा उभी राहिली ती २००० मध्ये. त्याआधी, १९९८ मध्ये, एबाटरिंजा या आदिवासी तरुणाचा खटला हाय कोर्टापुढे आला होता. तो मूकबधिर होता, त्याच्यावर खुनाचा आरोप होता, आणि त्याच्याशी संवाद साधण्याचा कोणताही पुरेसा मार्ग उपलब्ध नव्हता. आपल्याविरुद्ध काय चालले आहे हे आरोपीला कळत नसताना त्याला पुढच्या खटल्यासाठी पाठवण्याची सुनावणी चालवता येणार नाही, असे कोर्टाने सांगितले. १९६३ च्या निर्णयापासून इथपर्यंत यायला पस्तीस वर्षे लागली.

त्यानंतरचा काळ वेगाने सांगता येईल. १९९६ मध्ये मेलबर्नला आणि २०१७ मध्ये ब्रिस्बेनला फिटचे जागतिक अधिवेशन भरले आणि दोन्ही वेळा यजमान ऑसिट होती. त्याच २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३० सप्टेंबर हा बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमचा दिवस आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन म्हणून मान्य केला, आणि ऑस्ट्रेलियात न्यायालयांनी दुभाष्यांसोबत कसे काम करावे याची राष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली. दुभाष्याला विश्रांती द्यावी, पिण्याचे पाणी आणि बसायला जागा द्यावी, खटल्याची माहिती आधी द्यावी, असल्या साध्या गोष्टी त्या मानकांत लिहाव्या लागल्या, यावरूनच आधीची स्थिती समजावी. परीक्षेकडेही पुन्हा पाहिले गेले. सँड्रा हेल यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाने २०१२ मध्ये नाटीच्या परीक्षापद्धतीत सुधारणा सुचवल्या आणि २०१८ पासून नवी प्रमाणनपद्धत आली. २००७ पूर्वी मिळवलेला दाखला जन्मभर चाले. आता दर तीन वर्षांनी आपण काम करत आहोत आणि शिकत आहोत याचा पुरावा द्यावा लागतो. आरोग्य आणि कायदा या क्षेत्रांसाठी वेगळ्या विशेष परीक्षा झाल्या. जुन्या लोकांपैकी काहींना हे जाचक वाटले. मला ते योग्य वाटते, कारण दहा वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या माणसाला आजच्या कर्करोगाच्या उपचारांतले शब्द आपोआप येत नाहीत.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, व्हिक्टोरियात एका सरकारी माहितीपत्रकात अरबी आणि फारसी या दोन भाषा एकमेकींत मिसळल्या गेल्या. लिपी सारखी दिसते म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. आम्हा मराठी लोकांना हे सहज समजण्यासारखे आहे. मराठीच्या नावाखाली हिंदी छापलेली पत्रके आपण सर्वांनी पाहिली आहेत. छापण्यापूर्वी त्या भाषेच्या एका प्रमाणित भाषांतरकाराने कागद डोळ्यांखालून घातला असता तर चूक तिथेच सापडली असती. सगळी भाषांतरे यंत्राने करून पैसे वाचवावेत असे आता जे सुचवले जाते, त्या चर्चेत ऑसिट याच मुद्द्यावर ठाम राहावी अशी माझी अपेक्षा आहे : तपासणारा माणूस कोण आहे आणि तो जबाबदारी घेऊन सही करतो का.

मागच्या महिन्यात मी सीसीएल उत्तीर्ण झालेल्या चार मराठी मुलींना घरी बोलावले होते. त्यांना पाच गुण मिळाले होते आणि अर्ज गेले होते, तेव्हा भीती संपलेली होती. मी त्यांना संहितेची प्रत वाचायला दिली आणि एक संवाद करायला सांगितला, ज्यात डॉक्टर एका आजोबांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी सांगत आहेत. चौघींपैकी तिघींनी डॉक्टरांच्या तोंडी 'आपण ठरवू' घातले. चौथी थांबली आणि तिने मला विचारले की इथे ठरवणारे नक्की कोण आहेत. दर तीन वर्षांनी द्यायचा कामाचा तपशील मला येत्या मार्चमध्ये भरायचा आहे; त्याआधी तिला घेऊन ऑसिटच्या इथल्या शाखेच्या सभेला जायचे ठरवले आहे.